सत्काराला पेन देऊ नका

मेअखेर हा आमच्याकडे निवृत्तीचा हंगाम. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख सरसकट एक जून लावून टाकली, अशी अख्खी पिढी एकतीस मेला घरी जाते. अलिबाग पडलं जिल्ह्याचं ठिकाण. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, सगळं एकमेकांच्या शेजारी. त्यामुळे त्या आठवड्यात कुठल्याही कचेरीत डोकावलं तरी हार, शाल, श्रीफळ आणि वेफर्स-पेढ्याची बशी दिसतेच. अलीकडे त्यात पेनाची भर पडली आहे. साधं पेन नव्हे. शिसवीचं नाहीतर सागवानाचं, लेथवर हाताने घडवलेलं, त्यावर नाव कोरलेलं, मखमली डबीतलं. वर्गणी काढून आणलेलं असतं, म्हणून टाळ्याही जोरात पडतात.

पुढच्या आठ-दहा दिवसांत पाऊस सुरू होतो. डबी कपाटात जाते. ज्याला पेन मिळालं, त्याच्या आयुष्यातलं लिहिणं नेमकं त्याच दिवशी संपलेलं असतं. शेरे नाहीत, टिपण्या नाहीत, सह्या नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत डबी उघडली जाते तेव्हा निबच्या मुळाशी तांबूस ठिपके असतात आणि मखमलीवर बुरशीची पांढरी लव. मग हे पेन कुणीतरी माझ्याकडे आणून देतं. "वहिनी, तुम्हाला यातलं कळतं ना, जरा बघा."

मी इथल्या न्यायालयात वकिली करते आणि नोटरीचं काम बघते. नोटरीला नियमाप्रमाणे नोंदवही ठेवावीच लागते. ती मी शाईच्या पेनाने भरते, त्यामुळे हात कायम निळे. तेवढ्यावरून मी गावात पेनांची डॉक्टर झाले आहे. फी कुणी देत नाही, फणस देतात. या फुकटच्या प्रॅक्टिसमधून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते सांगायलाच आज लिहायला बसले. हाताने घडवलेल्या पेनाची निगा म्हणजे त्याने रोज लिहिणं. बाकी सगळी निगा त्याच्या मागून येते. जो रोज लिहिणार नाही त्याला असं पेन देऊ नये, आणि त्यानेही विकत घेऊ नये.

समुद्राच्या खाऱ्या हवेने पेनं खराब होतात असं लोक सांगतात. हवा निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. जुलैत इथली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते. पण त्याच हवेत माझं पेन खिशात असतं आणि ते ठणठणीत आहे. मरतं ते डबीतलं. मखमल आणि तिच्या खालचा फोम ओल धरून बसतो आणि निब त्या ओलीत महिनोन्‌महिने पडून राहते. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही ही समजूत किनाऱ्यावर टिकत नाही. मिठाच्या ओलीत त्यालाही बारीक खड्डे पडतात. त्यात पहिल्या दिवशी कौतुकाने शाई भरून एक सही केलेली असली, तर ती शाई आत सुकून दगड होते. निब चौदा कॅरट सोन्याची असेल तर ती तगते. पण वर्गणीत सोन्याची निब बसत नाही.

लाकडाची कथा वेगळीच. लाकूड ओल पितं, फुगतं, आणि हवा कोरडी झाली की आकसतं. तेही आडवं, लांबीत फारसं नाही. आमच्या जुन्या घराचे दरवाजे जुलैत चौकटीत अडकतात आणि जानेवारीत सैल होतात, तेच. बहुतेक लाकडी पेनांत आत पितळेची नळी असते आणि तिच्यावर लाकूड चिकटवून मग लेथवर उतरवलेलं असतं. पितळ जागचं हलत नाही, लाकूड हलतं. पावसाळ्यात टोपण घट्ट बसायला लागतं. थंडीत हवा कोरडी झाली किंवा पेन एसीच्या खोलीत जाऊन पडलं, की लाकडाला आकसायचं असतं आणि नळी आकसू देत नाही. मग रेषेत उभी चीर जाते. ही चीर बुजवता येते, पण ती दिसत राहते. कारागिराने लाकूड नीट मुरवलेलं असेल, आतून-बाहेरून लाखेचा किंवा तत्सम थर चढवलेला असेल, तर हा खेळ मंद होतो. थांबत नाही. रोज हातात असलेल्या लाकडाला हाताचं तेल मिळतं आणि चीर पडायच्या आधी टोपणाचा बदललेला आवाज तुमच्या कानाला कळतो. कपाटातल्या पेनाचं ऐकणार कोण?

माझं पेन एबोनाइटचं आहे. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून, भट्टीत शिजवून केलेला कडक पदार्थ. त्याचं पेटंट १८५१ सालचं आहे, नेल्सन गुडइयर यांच्या नावावरचं. हातात घेतलं की ते धातूसारखं गार लागत नाही, प्लॅस्टिकसारखं पोकळ वाटत नाही. माझे वडील, अण्णा, इथल्या एका ज्येष्ठ वकिलांचे कारकून होते. त्या वकीलसाहेबांनी एका दिवाळीला अण्णांना हे पेन दिलं आणि बरोबर शाईची बाटली आणि काचेचा ड्रॉपर दिला. दुसऱ्या दिवशी त्याच पेनाने दाव्याची नक्कल करायला बसवलं! तेव्हाच्या देणगीत एवढा व्यवहार होता. पेन दिलं म्हणजे काम दिलं.

एबोनाइटला दोन गोष्टी सोसत नाहीत, ऊन आणि गरम पाणी. आतलं गंधक प्रकाशात आणि ओलीत हळूहळू पृष्ठभागावर येऊन बदलतं आणि काळं पेन शेवाळी-तपकिरी होतं. अण्णांची टेबलावरची जागा खिडकीशी होती. त्यामुळे या पेनाची एक बाजू काळी आहे, दुसरी कोकमाच्या सालीच्या रंगाची. इंटरनेटवर पाहून एक हौशी गृहस्थ मला म्हणाले, बारीक पॉलिश पेपर मारा, पुन्हा काळं होईल. होईल ना. पण त्याबरोबर नळीवरची कोरीव नक्षी जाईल, आट्यांच्या कडा झिजतील. पेन चकाकवण्याचा हा नाद निष्काळजीपणापेक्षा जास्त नुकसान करतो, असा माझा अनुभव आहे. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर ही मंडळी तर पेनाच्या जवळपासही येऊ नयेत. ॲक्रिलिकला त्यांनी तडे जातात, सेल्युलॉइड तर विरघळायला लागतं.

धुणं मात्र हवं, आणि ते फार सोपं आहे. आधी पाण्याचं बघावं. किनाऱ्यालगतच्या आमच्या विहिरी मचूळ, पावसाळ्यात नळाला येतं ते गढूळ. म्हणून पेनासाठी फिल्टरचं पाणी, साधं, कोमटसुद्धा नको. स्टीलच्या पेल्यात ते घ्यायचं. नळी आट्यांवरून सोडवून उरलेली शाई काढून टाकायची आणि निबचा भाग तोंड खाली करून पेल्यात सोडायचा. क्षणभर काहीच होत नाही. मग निबच्या चिरेतून निळा धागा निघतो, सरळ तळाशी जातो, तिथे वळसा घेतो. पाणी निळं झालं की बदलायचं. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला धागा फिका पडतो. तरीही अडखळत असेल तर निब आणि तिच्याखालची जीभ एकत्र ओढून काढावी लागते. बोटं घसरतात, चिमटा तर मुळीच लावायचा नाही. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटांत धरावा, पकड येते आणि ओरखडा उठत नाही. जिभेच्या खाचांत सुकलेली शाई मऊ टूथब्रशने निघते. निबच्या चिरेत अडकलेला कागदाचा कापूस मात्र ब्लेडने काढू नये. ब्लेड चीर रुंद करतं आणि मग पेन शाई ओकतं. पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा मिळतो, तो एकदाच हलके फिरवावा.

ही जीभ म्हणजेच पेनाचं खरं यंत्र. निबमधून जितकी शाई खाली उतरते तितकीच हवा वर नळीत जायला हवी. दोन्ही वाटा तिच्यातल्या केसासारख्या खाचांत असतात. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतलं ते या जिभेच्या रचनेचं. हातकारागीर अजूनही एबोनाइटच्या जिभेला करवतीने खाचा पाडतात. म्हणून तर एकाच कारागिराची दोन पेनं सारखी लिहीत नाहीत आणि म्हणूनच दुसऱ्याची जीभ आणून आपल्या पेनात बसवली की गडबड होते.

धुतलेलं पेन सुकायला जुलैत दोन दिवस लागतात. निब खाली करून सुती फडक्यावर उभं ठेवायचं आणि विसरायचं. हेअर ड्रायरची घाई केली की एबोनाइट वाकतं. पुन्हा जोडताना आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावावं. नळाच्या दुकानात ते मिळतं. व्हॅसलीन नको, रबरी वॉशर त्याने फुगतो. आणि ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की भरून टाकावी. रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाई बाहेर ढकलते. मांडव्याच्या लाँचला गर्दीत खिशात पेन ठेवून उभं राहिलं की अंगाच्या गरमीनेही तेच होतं. काळ्या कोटाचा उपयोग मला तेव्हा पटतो. पांढऱ्या बँडचं काय करायचं ते अजून सापडलेलं नाही.

शाईबद्दल माझं मत जरा जुनाट आहे. भारी परदेशी शाया, त्यात चकचकीत भुकटी घातलेल्या, हातच्या पेनात भरू नयेत. ती भुकटी खाचांत बसते. चित्रकारांची काळी ड्रॉइंग इंक तर नकोच नको. तिच्यात लाख असते आणि ती आत सुकली की पेन गेलं. आपली कॅमलची निळी शाई घ्यावी. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप शाईच्या पुड्यांपासून सुरुवात केली, तिथपासून ती मराठी घरात आहे. पेनाला ती सोसते. फक्त ती पाण्याने जाते, म्हणून नोंदवहीत मी टिकाऊ निळी-काळी वापरते. जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचा क्षार आणि हिरड्या-माजूफळातल्यासारखं टॅनिन असतं. कागदावर आल्यावर हवेने ती काळी पडते आणि मग हटत नाही. पण ती आम्लधर्मी असते आणि स्टीलच्या निबला खाते. ती वापरायची तर पंधरवड्याला धुणं चुकवायचं नाही. रोज लिहिणाऱ्याला हे जड जात नाही.

पावसाळ्यात बाटलीत कधी बुरशी येते. शाईवर साय धरल्यासारखं दिसतं, निबला शेवाळासारखे धागे लागतात. ती बाटली सरळ ओतून द्यावी, गाळून वापरू नये. आणि त्या बाटलीत बुडालेलं प्रत्येक पेन धुवावं. अण्णांच्या वेळच्या शायांना कार्बोलिकचा उग्र वास यायचा. बुरशीला मारायला फिनॉल घातलेलं असायचं. हल्लीच्या शायांचा वास गेला, आणि त्याबरोबर ती ताकदही थोडी गेली.

लिहिण्याच्या साधनांची काळजी हे काही साहेबाकडून आलेलं शास्त्र नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला असं मानतात. त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पूर्ण लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं याच्यासोबत निरनिराळ्या मुलखांतले बोरू निवडून आणावेत, कापायची हत्यारं जवळ असावीत, शाई वाळवून तिचा साठा करावा, हे सगळं समर्थ रामदास सांगतात. घळीत पावसाळ्यात धबधबा कोसळत असतो, दगडसुद्धा पाझरतो. अशा जागी शाई वाळवायला सांगणारा माणूस व्यवहारी असणारच. आणि लक्षात घ्या, हा उपदेश ज्याला पोथ्या लिहायच्या आहेत त्याला आहे. बोरू देवघरात ठेवून त्याची पूजा करा असं त्यात कुठे नाही.

पेनाच्या बाबतीत मला गांधीजींचं वागणंही असंच सरळ वाटतं. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवून ते ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत त्यांना पाठवलं. १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींनी पोच दिली. तिच्यात त्यांनी आभार मानले आणि आपण ते वापरून पाहिल्याचं लिहिलं, परदेशी पेनांऐवजी ते चालेल असा निर्वाळा दिला. कारागिराला याहून मोठी पावती नाही. शोकेसमध्ये मांडल्याचं कळवून त्या माणसाला काय कळलं असतं? निब खरवडते का, शाई जास्त सुटते का, हे वापरणाराच सांगू शकतो.

यावर आमच्या बार रूममध्ये मला एक उत्तर हमखास मिळतं. "ताई, भावना असते हो. वापरो न वापरो, आठवण म्हणून राहते." भावनेबद्दल माझी तक्रार नाही. पण आठवण म्हणून द्यायला चांदीचं नाणं आहे, समईसुद्धा आहे, त्यांना पाऊस लागत नाही. पेन हे चालतं यंत्र आहे. ते बंद पडायलाच द्यायचं असेल तर कारागिराने जिभेला खाचा कशासाठी पाडल्या? दुसरं उत्तर पैशांचं असतं. एवढं महागाचं पेन, कोर्टात नेलं आणि कुणी सहीला मागितलं तर? बरोबर आहे, मागतात. अशिलाला सहीला द्यायला माझ्या टेबलावर पाच रुपयांची बॉलपेनं मगभर असतात. बॉलपेन हे उत्तम साधन आहे, कार्बन कॉपी काढायची तर शाईच्या पेनाचं तिथे कामच नाही. ज्याला धुण्या-पुसण्याचा कंटाळा आहे त्याने बिनदिक्कत बॉलपेन वापरावं, त्यात कमीपणा नाही.

रोज लिहिणाऱ्यालाही पेन बाहेर ठेवावं लागायचं, अशी एक जागा आमच्या गावात आहे. मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या, त्यांच्या प्रवाहाने मोजमापं बिघडतील म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला आणली. इमारती बांधताना चुंबकाला ओढेल असं लोखंड कटाक्षाने टाळलं. आमच्या शेजारचे काका तिथे कामाला होते. ते सांगायचे, मोजमापाच्या खोलीत जाताना किल्ल्या, घड्याळ आणि क्लिपचं पेन बाहेर ठेवायचं, आकडे पेन्सिलने टिपायचे आणि बाहेर येऊन मग शाईने वहीत उतरवायचे. त्यांची पेन सांभाळण्याची शिस्त मी अजून कुणात पाहिलेली नाही. घरी गेल्यावर टोपण लावलं की नाही हे ते दोनदा बघत. टोपण न लावलेलं पेन आणि कडी न लावलेलं दार, दोन्हींवरून काकूंना बोलणी बसत.

आता कारागिरांना उद्देशून दोन शब्द. हातची पेनं करणारे महाराष्ट्रात पुन्हा उभे राहत आहेत, पुण्यातल्या फॉस्फरची पेनं मी पाहिली आहेत, चेन्नई-हैदराबादकडची तर पूर्वीपासून आहेतच. काम सुंदर असतं. पण बहुतेकांच्या डबीत निघतं काय, तर लाकडाचं किंवा ॲक्रिलिकचं कौतुक करणारं इंग्रजी कार्ड. त्याऐवजी मराठीत एक चिठ्ठी टाका. निब सहा नंबरची आहे की पाच, जर्मन आहे की नोएडाच्या कॅनराइटची, ती ओढून निघते की आट्यांवर फिरवून. जीभ एबोनाइटची की प्लॅस्टिकची, म्हणजे ती ऊब देऊन निबला बसवता येईल का ते कळेल. ड्रॉपरने शाई भरायची असेल तर आट्यांना काय लावायचं. लाकडाला आतून थर दिला आहे का. आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यासाठी एक ओळ जास्तीची: ही डबी फक्त दुकानातून घरी नेण्यापुरती आहे.

सुट्या निबा आणि जिभा विकायचीही तयारी ठेवा. कोलकात्यात एस्प्लनेडजवळ पेन हॉस्पिटल आहे, पण तिकडे कोण जाणार? इथे बाजारपेठेत घड्याळजी आहेत. डोळ्याला भिंग लावून निबच्या दोन टोकांतलं अंतर त्यांना जितकं अचूक दिसतं तितकं मला चष्म्यातूनही दिसत नाही. वाकलेली निब त्यांनी मला सरळ करून दिली आहे आणि पैसे घेतले ते घड्याळाचा सेल बदलायचे घेतात तेवढेच. पेन कसं उघडतं एवढं चिठ्ठीवर लिहिलेलं असलं, की बाकीचं ते बघून घेतील.